'थिन' म्हणजे बारीक, पातळ, विरळ की किडकिडीत?

गडहिंग्लज भागातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या ताईंनी तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला, 'थिन' या शब्दासमोर शब्दकोशात पातळ, बारीक, कृश, विरळ, सडपातळ अशी रांग असते, त्यातला खरा अर्थ कोणता? दुसरा, हा शब्द संस्कृत 'तनु'वरून आला असं एका व्याख्यानात ऐकलं, ते खरं का? आणि तिसरा, वर्गातल्या एका मुलीला मैत्रिणी 'स्किनी' म्हणून हाक मारतात, तिला ते लागतं. मग थिन, स्लिम, स्किनी, लीन यांतला फरक मुलांना सांगायचा कसा?

ताई, मी कोल्हापुरात बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आहे आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरंही करतो. या एका लहानशा शब्दावर भलेभले विद्यार्थी अडतात, तेव्हा उत्तर जरा ऐसपैस देतो. सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करू, कारण तो सुटला की पहिल्याची गाठ आपोआप सैल होते.

व्याख्यानात सांगितलं ते अर्धं खरं आहे. 'थिन' आणि 'तनु' यांचं नातं आहे, आणि ते पक्कं आहे. पण थिन हा तनुवरून आलेला नाही. दोन्ही शब्द एका फार जुन्या, आज कुठेही न बोलल्या जाणाऱ्या भाषेतून आपापल्या वाटेनं आले. त्या भाषेला अभ्यासक आदिम इंडो-युरोपीय म्हणतात. म्हणजे ही माय-लेकरं नव्हेत, भावंडं आहेत. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं हा विचार मांडला, तेव्हापासून या नात्याचा पद्धतशीर शोध सुरू झाला. 'सगळं संस्कृतातूनच निघालं' हे वाक्य व्याख्यानात टाळ्या घेतं, पण मुलांना ते शिकवू नये. भावंडांचं नातं त्याहून जास्त रंजक आहे आणि ते पुराव्यानं दाखवता येतं.

पुरावा असा. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण 'थ्युन्ने' असा होता. तेव्हा थ-च्या उच्चारासाठी 'थॉर्न' नावाचं वेगळं अक्षर वापरत, पुढे ते मागं पडलं आणि टी-एच ही जोडी आली. जर्मनमध्ये हाच शब्द 'ड्युन', डचमध्ये 'डुन', स्वीडिशमध्ये 'टुन'. लॅटिनमध्ये 'टेनुइस', रशियनमध्ये 'तोन्की', आणि संस्कृतात 'तनु'. सगळीकडे अर्थ बारीक, पातळ, नाजूक. सगळ्यांच्या मुळाशी जो धातू धरतात तो 'तेन्', आणि त्याचा अर्थ आहे ताणणं. आपल्या संस्कृत व्याकरणातला 'तन्' धातू तोच. तनोति म्हणजे ताणतो, पसरवतो.

आता कुणी विचारेल, संस्कृतात त आणि इंग्रजीत थ, असं का? हा बदल नियमानं झाला आहे. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या ज्या जर्मनिक कुळातल्या भाषा, त्यांत मूळचा त बहुतेक ठिकाणी थ झाला. इंग्रजीनं तो टिकवला, जर्मन-डचमध्ये पुढे त्याचा ड आणि स्वीडिशमध्ये ट झाला. याकोब ग्रिम या जर्मन भाषा-अभ्यासकांनी १८२२ साली हा नियम नीट मांडला, म्हणून तो ग्रिमचा नियम म्हणून ओळखला जातो. वर्गात फळ्यावर दोन रकाने करा. एकीकडे लिहा त्रि, तृष्णा, तृण, तनु. दुसरीकडे थ्री, थर्स्ट, थॉर्न, थिन. तृण म्हणजे गवत आणि थॉर्न म्हणजे काटा, अर्थ थोडा सरकला आहे, पण शब्द एकाच मुळाचे. नववीच्या पोरांनाही हे पटकन दिसतं, आणि एकदा दिसलं की टी-एचचं स्पेलिंग चुकायचं कमी होतं. एक उच्चाराची गोष्टही तिथेच सांगून टाकावी. इंग्रजीतला तो उच्चार आपल्या 'थाळी'तला थ नव्हे. जिभेचं टोक वरच्या दातांना हलकं टेकवून हवा सोडायची, अडवायची नाही. देवनागरीत त्याला अक्षर नाही म्हणून आपण 'थिन' लिहितो, एवढंच.

पण ताणण्याचा आणि बारीक होण्याचा संबंध काय, हे शब्दांनी सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. आपल्याकडे त्यासाठी लांब जावं लागत नाही. हुपरीला चांदीकाम करणाऱ्या कुठल्याही घरात तार ओढतात ते बघा. चांदी आटवून तिची कांब करतात. मग पोलादाची एक पट्टी असते, तिला ओळीनं भोकं, प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा किंचित लहान. या पट्टीला जंतर म्हणतात. कांबेचं टोक निमुळतं करून पहिल्या भोकातून काढायचं, पलीकडून पकडीनं धरायचं आणि ओढायचं. मग पुढचं भोक, मग त्याच्या पुढचं. ओढून ओढून चांदी कडक झाली की तापवून पुन्हा नरम करायची आणि परत ओढायची. चांदी तेवढीच राहते, वजनात फरक नाही, पण लांबी वाढत जाते आणि जाडी कमी होत जाते. शेवटी पैंजणाच्या कडीला लागणारी बारीक तार हातात येते. थिन या शब्दाचा उगम अगदी एवढाच आहे. ताणलं की बारीक होतं.

इचलकरंजीच्या मागावर याच धातूची दुसरी शाखा भेटते. मागावर उभं ताणून बसवलेलं सूत म्हणजे ताणा, आडवं जातं ते बाणा. 'ताणा' तन् धातूतला. 'तंतू' त्याच धातूतला. 'तंत्र' या शब्दाचाही संस्कृतातला एक जुना अर्थ माग किंवा मागावरचा ताणा असाच आहे, शास्त्र आणि पद्धत हे अर्थ नंतरचे. यंत्रमागवाले सुताची जाडी काउंटमध्ये मोजतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा म्हणजे काउंट. चाळीसपेक्षा साठचं सूत बारीक, साठपेक्षा ऐंशीचं आणखी बारीक. आकडा मोठा आणि धागा बारीक, हे नवख्याला उलटं वाटतं. पण तेवढ्याच कापसातून जितकी जास्त लांबी ओढली तितका धागा बारीक, हे लक्षात घेतलं की उलटं काहीच राहत नाही. शब्दाची व्युत्पत्ती आणि गिरणीतलं गणित इथे एकच गोष्ट सांगतात.

या धातूचा मराठीतला पसारा बघून तर मला दर वेळी नव्यानं आनंद होतो. ताण, ताणणे, तणाव. गवयाची तान, म्हणजे स्वर लांबवत, पसरवत नेणं. आणि इंग्रजीतून आपण उचललेले शब्द बघा. 'टेन्शन' लॅटिनमधल्या ताणणे या क्रियापदातून आला, म्हणजे 'मला टेन्शन आलंय' आणि 'मला ताण आलाय' ही दोन्ही वाक्यं एकाच मुळाची. सरकारी कामाचं 'टेंडर' तिथलंच, मूळ कल्पना हात पुढे ताणून देऊ करण्याची. 'टिटॅनस' ग्रीकमधून, स्नायू ताठ ताणले जातात म्हणून. आपल्या वैद्यांनी त्याला धनुर्वात म्हटलं, शरीर धनुष्यासारखं ताणून वाकतं म्हणून. दोन भाषांनी एकच लक्षण टिपलं. आणि 'टॉनिक' सुद्धा ग्रीकमधल्या ताणण्याच्या शब्दातून आलेलं, स्नायूंना ताठपणा देणारं. म्हणजे किडकिडीत पोराला आई टॉनिक पाजते तेव्हा 'थिन' आणि 'टॉनिक' हे दोन भाऊ एकाच पोटात जातात.

संस्कृतात 'तनु'चा बारीक हा अर्थ भरपूर वापरलेला आहे. मेघदूतात यक्ष आपल्या पत्नीचं वर्णन करताना पहिला शब्द घालतो तोच 'तन्वी', म्हणजे सडपातळ स्त्री. आज कोल्हापुरात मुलींच्या वर्गात एक तरी तन्वी असतेच, तिला सांगा की तिचं नाव आणि इंग्रजीतला थिन हे सख्खे नातेवाईक आहेत. रघुवंशाच्या सुरुवातीला कालिदास स्वतःला 'तनुवाग्विभव' म्हणतो, म्हणजे ज्याच्याकडे शब्दांचं धन तुटपुंजं आहे असा. बघा, बारीकवरून अपुरा, कमी हा अर्थ संस्कृतातही गेला, अगदी इंग्रजीसारखा. आणि पतंजलीच्या योगसूत्रांत दुसऱ्या पादात 'क्लेशतनूकरण' हा शब्द येतो. क्लेश एकदम नष्ट होत नाहीत, आधी ते क्षीण, पातळ करायचे. लॅटिनच्या टेनुइसवरून इंग्रजीत 'अटेन्युएट' हा शब्द आला, त्याचा अर्थ नेमका हाच, तनूकरण. तोंडावाटे देतात ती पोलिओची लस 'अटेन्युएटेड' असते, म्हणजे तिच्यातला विषाणू जिवंत पण क्षीण केलेला असतो. कोर्टात 'एक्स्टेन्युएटिंग' परिस्थिती म्हणतात, ती गुन्ह्याचं गांभीर्य पातळ करणारी. मला वाटतं, तनूकरण हा शब्द आपण विज्ञानाच्या मराठीत परत वापरायला हवा. तो नेमका आहे आणि आपलाच आहे.

चमत्कारिक गोष्ट ही की रोजच्या मराठीत 'तनु'चा बारीक हा अर्थ उरलाच नाही. आपण तनू म्हणतो ते शरीराला, तन-मन-धनातलं तन तेवढं राहिलं. बारीकपणासाठी आपण दुसरे शब्द घेतले. 'बारीक' फारसीतून आला. 'पातळ' संस्कृतातल्या पत्राशी, म्हणजे पानाशी जोडला जातो, पानासारखं ते पातळ. आणि इथूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं.

इंग्रजीत एकच थिन सगळीकडे चालतो. रस्सा थिन, केस थिन, भिंत थिन, हवा थिन, आवाज थिन, माणूस थिन, सबबही थिन. मराठीत तसं नाही. मराठी आधी विचारते, बारीक आहे ते काय? वस्तू बदलली की शब्द बदलतो. शब्दकोशातली ती रांग म्हणजे पाच अर्थ नव्हेत, वेगवेगळ्या वस्तूंना लागणारे पाच शब्द आहेत. म्हणून 'खरा अर्थ कोणता' हा प्रश्न मुलांनी विचारला की त्यांना उलट विचारावं, 'काय थिन आहे ते आधी सांग.'

द्रव पदार्थ असेल तर पातळ. ताक, वरण, रंग, रस्सा. पण इथे कोल्हापूरकरांनी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपला तांबडा आणि पांढरा रस्सा मुळातच पातळ असतो, वाटीला तोंड लावून प्यायचा. त्याचा पातळपणा हा गुण आहे. इंग्रजीत मात्र सूपला थिन म्हटलं की बहुतेक वेळा ती तक्रार असते, म्हणजे पाणी जास्त, चव कमी, आपण ज्याला पाणचट म्हणतो ते. एखाद्या हॉटेलच्या इंग्रजी मेन्यूत रस्स्यापुढे 'थिन ग्रेव्ही' लिहिलेलं दिसलं की मला वाईट वाटतं, कारण वाचणारा परदेशी पाहुणा तो मागवणारच नाही. तिथे 'ब्रॉथ' लिहावं. मराठीतून इंग्रजीत जाताना शब्दाचा अर्थ तपासतो तसा त्यातला निंदेचा किंवा कौतुकाचा अंशही तपासावा लागतो.

कापड असेल तर तीन-चार शब्द हाताशी असतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. तलम हे कौतुक आहे, बारीक सुताचं मऊ कापड. झिरझिरीत म्हणजे आरपार दिसणारं. विरलेलं किंवा विरविरीत म्हणजे वापरून वापरून झिजलेलं, आता फाटणारच असं. इंग्रजी वाक्यात नुसतं थिन असलं तरी भाषांतर करणाऱ्यानं मागचं-पुढचं वाचून ठरवायचं की बाईच्या अंगावरची साडी तलम आहे की विरलेली. एकीनं घर श्रीमंत होतं, दुसरीनं गरीब. आजीच्या पिढीत तर 'पातळ' हे साडीचंच नाव होतं, 'पातळ नेसली' म्हणत.

जिथे बऱ्याच गोष्टी मिळून एक दाट समूह होतो आणि तो दाटपणा कमी आहे, तिथे विरळ. केस विरळ, झाडी विरळ, डोंगरावरची हवा विरळ. माणसांची गर्दी असेल तर तुरळक. आवाजाला बारीक, आणि तो वरच्या पट्टीतला टोचणारा असेल तर किनरा. जमिनीला शेतकरी हलकी म्हणतो, मुरमाच्या वर मातीचा थर थोडाच असतो म्हणून. हसू असेल तर पुसट. युक्तिवाद असेल तर तकलादू. आणि सबबीला तर आपण लंगडी म्हणतो. शेवटच्या तिन्हींत बारीकपणाचं नावही नाही, तरी भाषांतर अचूक आहे.

उलट जिथे शब्दाला शब्द ठेवला तिथे घोटाळा होतो. सर्वांत मोठा घोटाळा दवाखान्यात दिसतो. हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णाला इंग्रजीत ज्याला 'ब्लड थिनर' म्हणतात तसं औषध देतात. मराठीत त्याचं सरळ 'रक्त पातळ व्हायची गोळी' झालं. आता पातळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ताक येतं. म्हणून घरची म्हातारी माणसं समजतात की रक्तात पाणी वाढणार, अशक्तपणा येणार, आणि थंडीत गोळी परस्पर बंद करतात. खरं म्हणजे या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. ॲस्पिरिनसारखं औषध रक्तातल्या बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकींना चिकटू देत नाही, वॉरफेरिनसारखं औषध गुठळी व्हायला लागणाऱ्या घटकांची निर्मिती कमी करतं. काम एकच, गुठळी होऊ न देणं. इंग्रजीतही थिनर हा शब्द इथे सैलच आहे, पण मराठीत तो जास्त फसवा झाला. माहितीपत्रकाचं भाषांतर असेल तिथे मी आग्रहानं 'रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी' असं लिहितो. शब्द वाढतात, पण गोळी बंद होत नाही. रंगाच्या दुकानातल्या 'थिनर'ला मात्र हात लावायची गरज नाही. शिरोलीच्या एमआयडीसीपासून गल्लीतल्या रंगाऱ्यापर्यंत सगळे थिनरच म्हणतात, आणि तो रंग खरोखर पातळ करतो.

वाक्प्रचारांचं थोडक्यात सांगतो. 'थ्रू थिक अँड थिन' याचं भाषांतर मुलं जाडबारीकात अडकवतात. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीनं हा शब्दप्रयोग अगदी सरळ अर्थानं वापरला आहे, त्याच्या गोष्टीत सुटलेला घोडा 'थिक' आणि 'थिन'मधून उधळत जातो. थिक म्हणजे दाट झाडी, थिन म्हणजे विरळ झाडी. त्यावरून कसलीही वाट असो, साथ सोडायची नाही हा अर्थ. मराठीत 'सुखदुःखात' म्हणून मोकळं व्हावं. 'इन्टू थिन एअर' हे शब्द शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मधले, तिथे मायेनं उभी केलेली पात्रं विरळ हवेत विरून जातात. आपण म्हणू, 'बघता बघता दिसेनासा झाला.' एकाच वेळी दहा कामं अंगावर घेणाऱ्याला इंग्रजीत स्वतःला फार थिन पसरलास म्हणतात, आपल्याकडे त्यासाठी 'एक ना धड भाराभर चिंध्या' तयारच आहे. 'थिन-स्किन्ड' म्हणजे हळवा, पटकन लागणारा. याची उलट बाजू मात्र आपणही कातडीवरच नेली आहे, गेंड्याच्या कातडीचा.

आता माणसाचं. इथे सगळ्यांत जपून, कारण शब्द माणसाच्या अंगाला लागतो.

मराठीत माणसाला नुसतं 'पातळ' म्हणत नाहीत, मुलांच्या वहीत 'ही इज थिन'चं 'तो पातळ आहे' असं दिसलं की तांबडी रेघ मारावी. पातळच्या आधी 'सड' लागला की ते माणसाला शोभतं, आणि सडपातळ हे कौतुक आहे. शेलाटा, सडसडीत, शिडशिडीत हेही चांगल्या अंगानं जातात. बारीक हा तटस्थ. किडकिडीत, काटकुळा, लुकडा, हडकुळा हे उणं दाखवणारे. रोड हा थोडा जुना, जनावरालाही लागतो, 'म्हैस रोडावली' म्हणतात. कृश पुस्तकी. 'पाप्याचं पितर' म्हणजे तर सरळ हिणवणंच. आणि काटक हा खास शब्द, बारीक असूनही चिवट. कुस्तीच्या गावात या शब्दाची किंमत कळते. तालमीत नव्यानं आलेल्या पोराला 'काडीपैलवान' म्हणून चिडवतात, आणि तोच पोरगा दोन वर्षांनी खासबागेत उतरला, चितपट करून आला, की वस्ताद अभिमानानं म्हणतात, 'दिसायला बारीक हाय, पण लई काटक.' अंग तेच, शब्द बदलला.

इंग्रजीतही हीच उतरंड आहे. 'थिन' मध्ये उभा आहे, ना स्तुती ना निंदा, पण आजारपणानंतर भेटलेल्या माणसाला 'यू लुक थिन' म्हटलं तर त्यात काळजी असते. आपल्याकडची मावशी म्हणते ना, 'काय वाळलायस की रं,' तीच ही काळजी.

'स्लेंडर' आणि 'स्लिम' हे दोन्ही स्तुतीचे. स्लेंडरचं मूळ नीटसं लागलेलं नाही, तो मध्ययुगीन इंग्रजीपासून सापडतो. स्लिमची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. हा शब्द सतराव्या शतकात डचमधून आला, आणि तिथे त्याचा जुना अर्थ होता वाकडा, वाईट. जर्मनमध्ये 'श्लिम' म्हणजे आजही वाईट. डचमध्ये तो वाकड्यावरून धूर्त आणि मग हुशार इथपर्यंत गेला. इंग्रजीत आल्यावर क्षुल्लक, किरकोळ असा अर्थ घेतला, 'स्लिम चान्स'मध्ये तो अजून टिकून आहे, आणि माणसाला लागला तेव्हा सुडौल बारीक झाला. पण शब्दाचं नशीब जागेबरोबर बदलतं. १९८०च्या दशकात युगांडात एड्सचे रुग्ण झिजून झिजून जायला लागले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्या आजाराला 'स्लिम' हेच नाव दिलं, आणि १९८५ साली वैद्यकीय नियतकालिकातही तो 'स्लिम डिसीझ' या नावानं आला. आपल्याकडे जिमच्या पाटीवर दिसणारा शब्द तिथे मरणाचं नाव होता.

'लीन' म्हणजे चरबी नसलेला. मटणाला लागतो, पळणाऱ्याच्या अंगाला लागतो, आणि त्यात काटकपणाची छटा असते. १९८८ साली जॉन क्राफसिक यांनी टोयोटाच्या उत्पादनपद्धतीसाठी हा शब्द वापरला, तेव्हापासून कारखान्यांत 'लीन' म्हणजे वायफळ साठा आणि वेळ न दवडणारी पद्धत. मुलांना दोन सूचना द्याव्यात. मराठीतला 'लीन', म्हणजे नम्र किंवा तल्लीन, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आणि इंग्रजीत टेकणे या अर्थाचं 'लीन' हे क्रियापदही वेगळ्या मुळाचं आहे, स्पेलिंग तेवढं जुळलं. ते क्रियापद संस्कृतातल्या 'श्रि' धातूचं भावंड, ज्यातून आपला 'आश्रय' आला.

राहिला 'स्किनी'. स्किन हा शब्द इंग्रजीत व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, इंग्रजांचा स्वतःचा शब्द 'हाइड' होता, तो आता जनावराच्या कातड्यापुरता उरला. स्किनी म्हणजे शब्दशः नुसती कातडीच उरलेला, आपल्याकडच्या 'हाडाला कातडं चिकटलेला' या वर्णनाच्या जवळचा. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये चेटकिणींच्या ओठांना हे विशेषण लावलं आहे, त्यावरून त्याचा जुना रोख कळतो. पुढे फॅशनवाल्यांनी 'स्किनी जीन्स' काढली आणि मुलींना तो शब्द गोंडस वाटायला लागला. पँटला लावला तर ठीक. पण तोच शब्द माणसाच्या तोंडावर टाकला की 'हडकुळी' म्हटल्यासारखं होतं.

तुमच्या वर्गातल्या मुलींना मी हेच सांगितलं असतं, अगदी या दोन शब्दांत. 'तुम्ही तिला रोज हडकुळी म्हणून हाक माराल का? नाही ना? मग स्किनी म्हणू नका, ते तेच आहे.' इंग्रजीत म्हटलं की शिवी सौम्य होते हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे, आणि शाळेतच तो मोडलेला बरा. त्याऐवजी 'स्लिम' म्हणा असंही मी सुचवणार नाही. वर्गात कुणाच्या अंगावरून हाक मारण्याची गरजच काय? तिला नाव आहे. आणि तिच्या वजनाची खरोखर काळजी वाटत असेल तर त्यासाठी डॉक्टरांचा वेगळा शब्द आहे, 'अंडरवेट'. मोठ्या माणसांत बॉडी मास इंडेक्स १८.५च्या खाली असेल तर तो लागतो. मुलांसाठी मात्र हा आकडा चालत नाही, वय आणि लिंग धरून केलेल्या तक्त्यावरूनच ठरवावं लागतं, आणि ते काम शाळेच्या आरोग्य तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांचं. तिच्या आईशी बोलायचं झालं तर ते मुलींच्या समोर नको, आणि बोलताना 'बारीक' एवढाच शब्द वापरा.